जुना गिझर, नवं कोटेशन आणि मोडीचा हिशेब

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब असे. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीवर शेणकुटाचे तुकडे, मक्याची बुरकुंडं किंवा उसाची वाळकी चिपाडं. नळीभोवतीचं पाणी तापे आणि तोटीतून बादलीत येई. हा बंब घ्यायला लोक भांड्यांच्या दुकानात जात, तेव्हा मालकासमोर काटा असे. बंबाचं वजन, त्या दिवसाचा तांब्याचा भाव, घडणावळ आणि जुनं भांडं मोडीत घातलं असेल तर त्याची वजावट असे चार आकडे एका चिठ्ठीवर उतरत. घासाघीस व्हायची ती घडणावळीवर. बाकीचे तीन आकडे गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांच्याही डोळ्यांसमोर असत, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नसे.

आता त्याच घरांत भिंतीवर गिझर आहे, गच्चीवर सोलर आहे आणि समोरच्या माणसाच्या तोंडी एकच आकडा आहे: ‘साडेअकरा होतील, सगळं धरून.’ त्या ‘सगळं’मध्ये काय काय आलं, हे विचारणारा माणूस विरळा. बहुतेकांची हुशारी ‘अकरात करा की’ इथपर्यंत जाते. पाचशे कमी झाले की व्यवहार जिंकल्यासारखं वाटतं, आणि समोरच्याने ते पाचशे सोडण्यासाठीच धरलेले असतात.

पाणी तापवायचं यंत्र बदलताना माणूस नागवला जातो तो भावात क्वचितच. नामांकित कंपनीच्या गिझरची किंमत मोबाइलवर दोन मिनिटांत कळते, तिथे फार लपवता येत नाही. खरी गळती असते ती न लिहिलेल्या ओळींत: बदलायची गरज होती का, जुन्याचं काय झालं, पाइप कुठला लावला, व्हॉल्व्ह नवा की तोच, फिटिंगचे पैसे कशाचे. म्हणून योग्य कोटेशन म्हणजे स्वस्त कोटेशन हा समज आधी सोडायला हवा. ज्याची प्रत्येक ओळ वेगळी वाचता येते ते योग्य कोटेशन, मग त्याची बेरीज शेजाऱ्याच्या कोटेशनपेक्षा हजाराने जास्त का असेना.

मुळात वेळच चुकीची साधली जाते. पावसाळाभर कुरकुरणारा गिझर नेमका दिवाळीच्या तोंडावर मान टाकतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान, घरात पाहुणे, माहेरवाशिणी आलेल्या, आणि बाथरूमच्या भिंतीवरून तांबूस ओघळ. अशा वेळी आलेला प्लंबर देव वाटतो. तो वर बघतो, हात लावतो आणि सांगतो, ‘टाकीच गेलीय, आता ह्याच्यात पैसे घालू नका.’ कधी ते खरं असतं. पण कव्हर न काढता, फक्त वर बघून ते सांगितलेलं असेल तर त्याला निदान म्हणता येत नाही.

साठवणीच्या गिझरमध्ये बिघडण्यासारख्या गोष्टी मोजक्याच असतात. पाणी तापवणारी कॉईल, तापमान धरून ठेवणारा थर्मोस्टॅट, तो फसला तर वीज तोडणारा कटआउट, खालच्या झाकणाचं रबर, बाहेरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकी. टाकी सोडली तर बाकी सगळं बदलता येतं आणि तेही काही शेकड्यांत, फार तर हजार-दीड हजारांत. मुलामा उडून टाकी आतून गंजली की मात्र इलाज नाही. त्यामुळे पाणी ‘कुठून’ गळतंय हा पहिला प्रश्न. खालच्या झाकणाच्या कडेने थेंब येत असतील तर संशय रबरावर. गिझरच्या बाहेरच्या आवरणातून, जिथे कुठलाच सांधा नाही तिथून, गंजाचं पाणी झिरपत असेल तर टाकी गेली. आणि पाणी तापत असतानाच सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडत असतील तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही. वीस अंशांचं पंधरा लिटर पाणी साठ अंशांवर गेलं की जवळपास पाव लिटरने फुगतं. त्याला मागे जायला वाट नसेल तर ते व्हॉल्व्हवाटे बाहेर येतं, त्यासाठीच तर तो बसवलेला असतो. या थेंबांपायी धडधाकट गिझर उतरवले गेले आहेत.

आणखी एक सुटा भाग असतो, त्याचं नाव गिऱ्हाइकाने सहसा ऐकलेलं नसतं: ॲनोड रॉड. मॅग्नेशियमची ही कांडी टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः गंजते, स्वतः संपते आणि तोवर टाकी वाचते. नवी असताना बोटाएवढी जाड. क्षाराच्या पाण्यात काही वर्षं काढलेला गिझर उघडला की तिच्या जागी एक खडबडीत तार उरलेली दिसते, आणि कॉईलवर पांढऱ्या-पिवळ्या पापुद्र्यांचा थर. नखाने दाबला तर तो कुरकुरतो आणि चुऱ्यासारखा हातात येतो. तळाशी वाटीभर तसाच गाळ. या थरामुळे कॉईलची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, ती स्वतःच भाजून निघते आणि एक दिवस तुटते. दर एक-दोन वर्षांनी टाकी धुऊन कांडी बदलली असती तर हा दिवस बराच लांबला असता. पण सर्व्हिसिंग मोटारसायकलचं करतात, गिझरचं नाही, असा आपल्याकडे रिवाज पडला आहे.

इथे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा भूगोल थेट कोटेशनमध्ये शिरतो. सातारा शहराच्या जुन्या भागाला कासच्या तलावाचं पाणी येतं. जांभ्या दगडाच्या पठारावर पडलेलं पावसाचं पाणी ते; मऊ, साबणाला लगेच फेस देणारं. तिथे गिझर वर्षानुवर्षं निमूट चालतो. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या बाजूला बोअरच्या पाण्यावर घर चालत असेल तर कथा वेगळी. काळ्या पाषाणाच्या फटींतून शेकडो फूट खालून उपसलेलं पाणी क्षार घेऊनच वर येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. बादलीच्या काठावर पांढरी वळी उमटत असेल आणि साबण नुसता चिकटत असेल तर पाणी या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे आहे असं समजायला हरकत नाही. बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत देऊन आकडा मिळवणं फारसं खर्चिक नाही, आणि तो आकडा हातात असला की दुकानातलं बोलणं बदलतं.

म्हणजे एकाच मॉडेलचं एकाच किमतीचं कोटेशन साताऱ्याच्या शनिवार पेठेत योग्य आणि आटपाडीत अयोग्य असू शकतं. आटपाडीतल्या कोटेशनमध्ये कठीण पाण्याला टिकणारी कॉईल, जाड ॲनोड आणि वर्षातून एकदा टाकी धुण्याचे पैसे लिहिलेले हवेत. उलट कासचं पाणी वापरणाऱ्याला कोणी त्याच कारणाने वॉटर सॉफ्टनर गळ्यात मारत असेल तर तिथेच हात जोडावेत. सॉफ्टनरबद्दल एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: मिठावर चालणारा सॉफ्टनर पाण्यातले क्षार खरोखर काढतो, पण त्याला नेमाने मीठ घालावं लागतं. पाइपावर चुंबक अडकवून पाणी ‘मऊ’ करण्याच्या उपकरणांवर पैसे घालण्याआधी दहादा विचार करावा.

सांगलीला आणखी एक हिशेब आहे, पुराचा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट मानतात. गावभाग, सांगलवाडीच्या घरांत पाणी शिरलं, आणि दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच. पुरात बुडालेला गिझर वाळवून लावला तर चालतोही. पण टाकीभोवतीचं आवरण आतून ओलं राहिलेलं असतं आणि वायरिंगमध्ये गाळ असतो. वायरमनकडून इन्सुलेशन तपासून घेतल्याशिवाय तो चालू करणं म्हणजे ओल्या अंगाने विजेशी खेळणं. पूर ओसरल्यावर घरातल्या सगळ्याच गोष्टी एकदम बदलायच्या असतात, कारागीर मिळत नाहीत, आणि मोटर, गिझर, बोर्ड, मजुरी सगळं एका आकड्यात गुंडाळलं जातं. ज्यांचा घराचा विमा असतो त्यांना ही गुंडाळी आणखी महागात पडते, कारण विम्याचा सर्व्हेअर वस्तूगणिक बिल मागतो.

मग नवा घ्यायचाच ठरला तर पहिला वाद लिटरचा. ‘चार माणसं आहात, पंचवीस लिटरचा घ्या,’ हा सल्ला ऐकायला बरा वाटतो. हिशेब साधा आहे. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते. दोन हजार वॉटची कॉईल हे काम एकवीस-बावीस मिनिटांत करते. साठ अंशांच्या त्या पंधरा लिटरमध्ये तेवढंच गार पाणी मिसळलं की चाळीस अंशांचं तीस लिटर, म्हणजे आंघोळीच्या दोन बादल्या. एकामागून एक आंघोळ करणाऱ्या चौघांच्या घराला पंधरा लिटर पुरतो. शॉवर लावणारं घर असेल किंवा दोन बाथरूमना एकच गिझर असेल तर मोठा घ्यावा. मोठी टाकी घेतली की ती भरून ठेवलेलं पाणी दिवसभर गार होत राहतं, आणि गिझरवरचे तारे मुख्यतः याच गळतीवर, म्हणजे चोवीस तासांत टाकी किती उष्णता गमावते यावर, दिले जातात. बटण लावून वीस मिनिटांत बंद करणाऱ्या घराला पाच ताऱ्यांचा फायदा कमी, दिवसभर चालू ठेवणाऱ्याला जास्त. हे सांगणारा विक्रेता भेटला तर त्याच्याकडूनच खरेदी करावी, दोन-तीनशे जास्त देऊनही.

विजेचं बिल मात्र कोणत्याच कोटेशनवर नसतं. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला रोज जवळपास तीन युनिट लागतात, महिन्याला नव्वद. ज्या घराचा वापर शंभर युनिटच्या आत होता ते घर हिवाळ्यात महावितरणच्या पुढच्या, महागड्या टप्प्यात जातं. चार-पाच महिन्यांत ही रक्कम ‘अकरात करा की’ म्हणून वाचवलेल्या पाचशेला कधीच गिळून टाकते.

कोटेशनच्या कागदावर मग काय काय हवं? कंपनी आणि मॉडेलचा पूर्ण क्रमांक. नुसतं ‘पंधरा लिटर, फाइव्ह स्टार’ नको, कारण एकाच कंपनीच्या पंधरा लिटरच्या दोन मॉडेलांत दोन-तीन हजारांचा फरक असतो. टाकी कशाची आणि किती दाब सोसणारी, हे अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याने किंवा प्रेशर पंप लावलेल्याने विशेषकरून बघावं. उंच इमारतीत आठ बारची टाकी लागते. आयएसआय चिन्ह साठवणीच्या गिझरला कायद्यानेच सक्तीचं आहे, आणि त्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये टाकून तपासता येतो. वॉरंटीच्या तीन मुदती वेगवेगळ्या लिहिलेल्या हव्यात, टाकीची, कॉईलची आणि बाकीच्याची. ‘सात वर्षं वॉरंटी’ म्हणतात ती बहुतेकदा फक्त टाकीची असते. त्याखाली कामाच्या ओळी: जुना उतरवणं, नवा टांगणं, दोन कनेक्शन पाइप, व्हॉल्व्ह, लागल्यास सोळा अँपिअरचा सॉकेट आणि एमसीबी, अर्थिंगची तपासणी. गरम पाण्याच्या बाजूला सीपीव्हीसी पाइपच हवा. पांढरा साधा पीव्हीसी तिथे लावून सीपीव्हीसीचे पैसे घेणं ही या धंद्यातली जुनी खोड.

आणि शेवटी मोड. इथे मंडळी फारच गाफील असतात.

‘जुना आम्हीच घेऊन जातो, तुम्हाला कशाला त्रास,’ हे वाक्य उपकारासारखं येतं. पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बसवलेल्या कित्येक गिझरच्या आतल्या टाक्या तांब्याच्या होत्या. अशा गिझरमध्ये काही किलो तांबं असतं आणि त्याची भंगारातली किंमत नव्या गिझरच्या किमतीचा चांगला हिस्सा भरून काढू शकते. टाकी कशाची हे ओळखायला चुंबक लावून बघतात, पण तेवढ्याने भागत नाही. तांब्याला चुंबक चिकटत नाही तसा स्टेनलेस स्टीललाही धड चिकटत नाही. पाण्याच्या नळीच्या तोंडाशी हिरवट कळंक चढलेला दिसला तर तांब्याचा संशय घ्यावा आणि गिझर घरीच ठेवून घ्यावा. जुन्या पद्धतीच्या सपाट काचेच्या सोलर पॅनेलचंही तेच, त्यातल्या नळ्या आणि पत्रे तांब्याचे असतात. ज्या विटा-खानापूर भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली, सोन्याचा टंच बघून भाव करणं ज्यांच्या हाडीमाशी खिळलं, त्याच भागातल्या घरांतून तांब्याच्या टाक्या फुकट टेम्पोत चढतात, याला काय म्हणावं?

सोलरच्या बाबतीत गोंधळ दुहेरी आहे. पाणी तापवणारं सोलर आणि वीज तयार करणारं सोलर ही दोन निराळी यंत्रं. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिचं अनुदान, तीन किलोवॉट किंवा जास्त क्षमतेला ७८ हजार रुपयांपर्यंत, फक्त वीज तयार करणाऱ्या पॅनेलना आहे. पाणी तापवण्याच्या सोलरला केंद्राचं सर्वसाधारण अनुदान २०१४ मध्येच थांबलं. तरी गावोगाव फिरणारे काही एजंट ‘सबसिडी वजा करून’ सोलर बंबाचा भाव सांगतात. वजा करायला काही नसतानाही वजाबाकी दाखवायची असेल तर आधी बेरीज फुगवावी लागते, एवढं गणित प्रत्येकाला कळतं.

गच्चीवरचं जुनं सोलर बदलण्याआधीही तोच प्रश्न: काय गेलंय? काचेच्या नळ्यांचं सोलर असेल आणि दोन नळ्या फुटल्या असतील तर दोन नळ्या बदलायच्या, त्यांची किंमत काही शेकड्यांत असते. रबरी रिंगा कडक झाल्या असतील तर त्या बदलायच्या. टाकीच झिरपत असेल तर गोष्ट वेगळी. नवं घेताना शंभर लिटरला ५८ मिलिमीटर व्यासाच्या आणि १८०० मिलिमीटर लांबीच्या दहाएक नळ्या लागतात. कोटेशनमध्ये नळ्यांची संख्या आणि माप नसेल तर दोन दुकानांचे भाव ताडून बघण्यात अर्थच नाही, कारण एकाने बारीक नळ्या धरलेल्या असतात आणि दुसऱ्याने जाड. आतल्या टाकीचं स्टील कुठल्या ग्रेडचं, पत्रा किती जाड, भोवतीचा फोम किती इंचाचा, हेही लिहून घ्यावं. गच्चीपासून बाथरूमपर्यंतचा पाइप तर सगळ्यांच्याच नजरेतून निसटतो. पाऊण इंची पाइप पंधरा मीटर लांब असेल तर गरम पाणी नळाला येण्याआधी जवळपास चार लिटर गार पाणी सोडून द्यावं लागतं, दर खेपेला. जतसारख्या तालुक्यात चार लिटर पाण्याची किंमत काय, हे तिथल्या बाईला विचारावं. त्यामुळे पाइपचा मार्ग, त्याची लांबी आणि त्यावरचं आवरण ही कोटेशनमधली खरी महत्त्वाची ओळ आहे, आणि नेमकी तीच ‘प्लंबिंग एक्स्ट्रा’ या दोन शब्दांत उरकलेली असते.

ऊन चांगलं तिथे पाणी क्षारांचं, पाणी मऊ तिथे चार महिने ऊन नाही, असा या दोन्ही जिल्ह्यांचा तिढा आहे. महाबळेश्वर, पाटणच्या पश्चिमेकडच्या भागात पावसाळ्यात सोलरच्या टाकीत विजेची कॉईल हवीच. पूर्वेकडे बोअरच्या पाण्याला नळ्या दरवर्षी काढून धुवाव्या लागतील, नाहीतर क्षार बाहेरच्या बाहेर ठेवणारी हीट एक्स्चेंजरची रचना घ्यावी लागेल. ‘आमचं सोलर बारा महिने कुठेही चालतं’ असं जो सांगतो त्याने आपला प्रदेश पाहिलेला नाही.

गॅस गिझर स्वस्त पडतो, पाणी झटपट तापतं, म्हणून त्याकडे वळणारे पुष्कळ. त्याच्या कोटेशनबाबत एकच अट घालावी आणि ती मोडू नये: उपकरण बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसणार असेल तरच पुढे बोलायचं. बंद बाथरूममध्ये तो जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. आंघोळीला गेलेला माणूस बाहेर आलाच नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत येतात. ‘वर एक्झॉस्ट आहे ना, काही होत नाही,’ म्हणणाऱ्याचं कोटेशन फुकट असलं तरी घेऊ नये. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना घरातला गॅस बॉयलर बदलताना आधी समोरच्याचं गॅस सेफ रजिस्टरचं ओळखपत्र पाहायची सवय लागते. २००९ पासून तिथे या नोंदणीशिवाय कोणालाही गॅसच्या उपकरणाला हात लावता येत नाही, आणि जुना बॉयलर काढून नेणं ही तिथल्या अंदाजपत्रकात वेगळी ओळ असते. आपल्याकडे गॅस गिझर बसवणारा अनेकदा पंखे दुरुस्त करणाराच असतो.

कराचा मुद्दा थोडक्यात. विजेच्या गिझरवर १८ टक्के जीएसटी आहे. पाणी तापवण्याच्या सोलरवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या दराने काढलेलं कोटेशन अजून फिरत असेल तर तारीख बघावी. खोक्यावर छापलेल्या कमाल किमतीत सगळे कर आलेले असतात, तिच्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. ज्या प्लंबरची जीएसटी नोंदणीच नाही त्याला मजुरीवर तो मागताच येत नाही. आणि ‘बिल नको असेल तर कमी करतो’ ही सवलत दिसते तशी नसते. बिल नाही तर वॉरंटी नाही. कंपनीचा माणूस पहिला प्रश्न खरेदीच्या तारखेचा विचारतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मालाचं किंवा सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात विनाशुल्क करता येते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो. बिंदूमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा यातलं काहीच हाताशी नव्हतं.

दुकानदारांची बाजूही आहे आणि ती पोकळ नाही. गिऱ्हाईक घरी बोलावतं, माणूस तासभर घालवून मापं घेतो, कोटेशन देतो, आणि गिऱ्हाईक तोच कागद हातात धरून ऑनलाइन स्वस्तात मागवतं. मग तोच गिझर बसवायला पुन्हा याच माणसाला फोन. जुन्या घरात गिझर उतरवताना भिंतीतला गंजलेला पाइप मोडतो, टाइल उचकटावी लागते, आणि आधी सांगितलेल्या मजुरीत ते काम बसत नाही. त्यामुळे ‘सगळं धरून’ हा आकडा बऱ्याचदा लबाडीपेक्षा भीतीपोटी फुगलेला असतो. यावर उपाय गिऱ्हाइकाच्या हातात आहे: घरी येऊन बघण्याचे दोनशे-तीनशे रुपये आनंदाने द्यावेत, खरेदी झाली तर ते वळते करून घ्यावेत, आणि भिंत फोडावी लागली तर फुटामागे किती, हे आधीच ठरवून लिहावं. तपासणीचे पैसे ज्याला मिळतात त्याला ‘टाकीच गेलीय’ म्हणायचा मोहही कमी होतो.

एवढं करूनही एकेकट्या घराने झगडण्याला मर्यादा आहेत. विश्रामबाग, मिरज, सातारा, कऱ्हाडच्या वसाहतींत एकाच वर्षी बांधलेल्या इमारतींतले गिझर साधारण एकाच काळात म्हातारे होतात. दहा-बारा फ्लॅटनी मार्च-एप्रिलमध्ये, कारागीर मोकळे असताना, एकत्र तपासणी करून घेतली तर कोणाची टाकी गेली आणि कोणाचं नुसतं रबर, हे एका दिवसात कळेल. कंपन्यांची अधिकृत सेवा केंद्रं कामाचे आणि सुट्या भागांचे दर छापून ठेवतात, मागितले तर दाखवतात. सांगली आणि साताऱ्याच्या इलेक्ट्रिक साहित्य विक्रेत्यांनीही आपापल्या दुकानात असा फलक लावायला काय हरकत आहे? गिझर उतरवणं अमुक, टांगणं अमुक, कॉईल बदलणं अमुक, सीपीव्हीसी मीटरमागे अमुक, तांब्याची टाकी किलोमागे अमुक वजा. ‘असं केलं तर पुढचा दुकानदार दहा रुपये कमी लावेल’ असं ते म्हणतील, आणि लावेलही. पेठेत शेजारी शेजारी बसणाऱ्या किराणा दुकानदारांनी साखरेच्या भावाची पाटी लावून कित्येक दशकं धंदा केला आहे. त्यातला कोणी त्या पाटीपायी दुकान बंद करून घरी बसल्याचं ऐकिवात नाही.